अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, २००८ : श्रमिक कुटुंबांचे प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ४ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा (जन्म १९६१) आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन (१९३६–२०१८) यांनी पगारावर किंवा मजुरीवर चालणाऱ्या कुटुंबांच्या प्रश्नांवर घेतलेल्या भूमिकांची ही तुलनात्मक नोंद आहे. ओबामा इलिनॉयचे आणि मॅकेन ॲरिझोनाचे सिनेटर होते. दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार विद्यमान सिनेटर असण्याची ती पहिलीच वेळ. एरवी एका उमेदवाराचे भाषण दुसऱ्याच्या कारभाराशी ताडून पाहावे लागते. येथे एकाच विधेयकावर दोघांनी काय केले, हे सभागृहाच्या दप्तरातच सापडते. म्हणून जाहीरनाम्यांपेक्षा मतदानाच्या नोंदींना येथे अधिक वजन दिले आहे.

दोघांच्या विचारांतील मूळ फरक जबाबदारीचा होता. आजारपण, बाळंतपण, कमी वेतन आणि वेतनातील भेदभाव यांचा भार कायद्याने मालकावर टाकावा, असा ओबामांचा कल होता. मालकाला मोकळे ठेवून कुटुंबाच्या हाती करसवलत द्यावी आणि पुढचे त्याने निवडावे, हा मॅकेन यांचा मार्ग. ही विभागणी सर्वत्र काटेकोर लागू होत नाही. ओबामांच्या कार्यक्रमातही करसवलती पुष्कळ होत्या.

पार्श्वभूमी : बेरोजगारीचा दर २००८ च्या प्रारंभी सुमारे ५ टक्के होता, मतदानाच्या आठवड्यात जाहीर झालेला ऑक्टोबरचा आकडा ६.५ टक्के होता. उन्हाळ्यात पेट्रोलचा भाव गॅलनला ४ डॉलरांच्या वर गेला. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली आणि त्याच दिवशी मॅकेन यांनी फ्लॉरिडातील सभेत अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचे विधान केले, ते अखेरपर्यंत त्यांच्या अंगलट आले. ७०० अब्ज डॉलरांच्या बँक-बचाव कायद्याला मात्र दोघांनीही सिनेटमध्ये पाठिंबा दिला. मतदानोत्तर पाहणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असल्याचे सांगितले.

समान वेतन – लेडबेटर प्रकरण : या निवडणुकीतील श्रमविषयक वादांपैकी सर्वांत नीट नोंदलेला वाद हाच. लिली लेडबेटर १९७९ पासून ॲलाबामातील गॅड्सडेन येथील गुडइयर टायर कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. निवृत्ती जवळ आली असता कोणीतरी त्यांच्यासाठी एक निनावी चिठ्ठी ठेवली. तिच्यात त्यांचा आणि त्याच हुद्द्यावरील पुरुषांचा पगार लिहिलेला होता. न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार १९९७ अखेर लेडबेटर यांना महिना ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच पदावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६ आणि सर्वाधिक पगाराच्या पुरुषाला ५,२३६ डॉलर. ज्यूरीने त्यांच्या बाजूने ३० लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली. कायद्यातील कमाल मर्यादेमुळे ती ३,६०,००० वर आली आणि अपील न्यायालयाने तीही रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ मे २००७ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल कायम केला. भेदभावाचा मूळ निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, असे न्यायमूर्ती सॅम्युएल ॲलिटो यांचे बहुमताचे निकालपत्र सांगते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले आणि काँग्रेसने कायदा दुरुस्त करावा, असे सुचवले. सहकाऱ्यांचे पगार गुप्त असतात. जी गोष्ट ठाऊकच नाही तिची तक्रार सहा महिन्यांत कशी करायची, हा त्यांचा मुद्दा निरुत्तर करणारा होता.

दुरुस्ती साधी होती: भेदभावाने कमी ठरलेला प्रत्येक पगार हातात पडला की मुदत नव्याने सुरू व्हावी. प्रतिनिधिगृहाने ती २००७ मध्येच संमत केली. सिनेटमध्ये २३ एप्रिल २००८ रोजी विधेयक चर्चेला घेण्यासाठी ६० मते लागत होती. पडली ५६ विरुद्ध ४२. ओबामा आणि तेव्हा उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या हिलरी क्लिंटन प्रचार सोडून मतदानाला आले. दोघांचीही मते बाजूने पडली. मॅकेन गैरहजर होते. ते त्या आठवड्यात देशातील गरीब आणि दुर्लक्षित गावांच्या दौऱ्यावर होते. तेथेच त्यांनी विधेयकाला आपला विरोध सांगितला: त्यातून खटल्यांचे पीक येईल, स्त्रियांना खरी गरज शिक्षण आणि प्रशिक्षणाची आहे. १५ ऑक्टोबरच्या तिसऱ्या वादफेरीत त्यांनी, वीस-तीस वर्षे मागे जाऊन दावे लावता येतील, असा आक्षेप घेतला. विधेयकात मागील थकबाकी दोन वर्षांपुरतीच मर्यादित होती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. लेडबेटर यांनी ऑगस्टमध्ये डेन्व्हर येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात भाषण केले.

कौटुंबिक व आजारपणाची रजा : १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने वर्षाला १२ आठवडे रजेचा हक्क मिळतो, पण ती बिनपगारी असते. त्यातही मालकाकडे ५० किंवा अधिक कामगार हवेत आणि कामगाराने मागील वर्षभरात १,२५० तास भरलेले हवेत. छोटी दुकाने, खाणावळी आणि एकापेक्षा अधिक अर्धवेळ नोकऱ्या करणाऱ्या स्त्रिया यांचा मोठा भाग त्यामुळे बाहेर राहतो. (भारतात १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली होती; अर्थात तीही संघटित क्षेत्रातील स्त्रियांच्याच वाट्याला आली.) अमेरिकेतील हा १९९३ चा कायदा होण्यापूर्वी तत्कालीन अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर दोनदा, १९९० आणि १९९२ मध्ये, नकाराधिकार वापरला होता. कायद्यावर सही झाली ती बिल क्लिंटन सत्तेवर आल्यावर.

ओबामांनी ५० कामगारांची अट २५ पर्यंत खाली आणण्याचे, वृद्धांची शुश्रूषा आणि मुलांच्या शाळेतील कामे यांसाठीही रजा देण्याचे आणि पगारी रजेच्या योजना सुरू करू पाहणाऱ्या राज्यांसाठी १.५ अब्ज डॉलरांचा निधी उभारण्याचे आश्वासन दिले. आजारपणासाठी वर्षाला सात दिवस पगारी रजा सक्तीची करणाऱ्या विधेयकालाही त्यांचा पाठिंबा होता. मॅकेन यांनी नवे बंधन सुचवले नाही. कामाच्या लवचिक वेळांचा विचार करण्यासाठी द्विपक्षीय आयोग नेमू, एवढे सांगितले. ताप आलेल्या मुलाजवळ राहायचे की दिवसाची मजुरी वाचवायची, या रोजच्या पेचाला आयोग हे उत्तर अपुरे होते, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

किमान वेतन : २००७ च्या कायद्याने संघीय किमान वेतन तासाला ५.१५ डॉलरांवरून तीन टप्प्यांत वाढवले. निवडणुकीच्या वेळी ते ६.५५ होते. वर्षाला २,०८० तास काम केल्यास त्यातून १३,६२४ डॉलर मिळत. तीन माणसांच्या कुटुंबासाठी सरकारी दारिद्र्यमर्यादा त्या वर्षी १७,६०० डॉलर होती. म्हणजे एकटी आई वर्षभर पूर्णवेळ राबली तरी दोन मुलांसह मर्यादेखालीच. ओबामांनी २०११ पर्यंत ९.५० डॉलर आणि पुढे महागाईनुसार आपोआप वाढ असे सुचवले. त्या दराने वर्षाचे १९,७६० होतात. मॅकेन यांच्या कार्यक्रमात पुढील वाढ नव्हती. किमान वेतन वाढल्याने रोजगार घटतो की नाही, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही.

आरोग्य विमा : जनगणना विभागाच्या अंदाजाने २००७ मध्ये ४ कोटी ५७ लाख लोक विम्याविना होते. अमेरिकेत बहुतेक श्रमिकांचा विमा मालकामार्फत येतो आणि मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या उत्पन्नात धरला जात नाही. ही करमाफी काढून घ्यावी आणि बदल्यात कुटुंबाला ५,००० व एकट्या माणसाला २,५०० डॉलरांची थेट सवलत द्यावी, ही मॅकेन यांची सूचना होती. तिचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. कैसर प्रतिष्ठानच्या पाहणीप्रमाणे २००८ मध्ये मालकामार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १२,६८० डॉलर होता. कामगाराच्या पगारातून त्यातले सरासरी ३,३५४ जात. हा सगळा हप्ता करपात्र धरला, तर १५ टक्के कर भरणाऱ्या कुटुंबावर सुमारे १,९०० डॉलरांचा बोजा येतो आणि ५,००० परत मिळतात. पहिल्या वर्षी कुटुंब फायद्यातच राहते. तोटा होतो तो मालकाने विमा बंद केला तर, कारण मग १२,६८० च्या खर्चापुढे हाती ५,००० उरतात. जुना आजार असलेल्या माणसाला खुल्या बाजारात विमा मिळेलच असेही नव्हते. अशा लोकांसाठी राज्यांच्या मदतीने वेगळी योजना मॅकेन यांनी सुचवली होती. किती मालक विमा बंद करतील, याचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. ओबामांच्या प्रचाराने करवाढीवर भर देऊन सवलतीचा उल्लेख पुष्कळदा टाळला, हेही खरे.

ओबामांची योजना अशी: मोठ्या मालकांनी विमा द्यावा किंवा निधीत पैसे भरावेत, आजारी माणसाला नकार देता येऊ नये, विम्याची राष्ट्रीय बाजारपेठ असावी, मुलांचा विमा सक्तीचा असावा. प्रौढांवर सक्तीला त्यांचा विरोध होता आणि हिलरी क्लिंटन यांच्याशी त्यांचा सर्वांत मोठा मतभेद तोच. मुलांच्या आरोग्य विम्याची व्याप्ती वाढवणाऱ्या विधेयकावर तत्कालीन अध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश यांनी २००७ मध्ये दोनदा नकाराधिकार वापरला. मॅकेन यांनी त्याचे समर्थन केले, ओबामा विधेयकाच्या बाजूने होते.

कर : ओबामांच्या मुख्य सूचनेनुसार प्रत्येक काम करणाऱ्याला ५०० आणि जोडप्याला १,००० डॉलर परत मिळणार होते. पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी कापल्या जाणाऱ्या ६.२ टक्क्यांपैकी पहिल्या सुमारे ८,००० डॉलरांवरील कपातीइतकी ही रक्कम होते. त्यामुळे प्राप्तिकर न लागणाऱ्या कामगारालाही ती मिळाली असती. वर्षाला २,५०,००० डॉलरांहून अधिक कमावणाऱ्या कुटुंबांसाठी बुशकालीन करकपात संपवायची होती. मॅकेन यांना ती सर्वांसाठी कायम ठेवायची होती, शिवाय प्रत्येक अवलंबितामागील ३,५०० डॉलरांची वजावट टप्प्याटप्प्याने ७,००० करायची होती. वजावटीचा फायदा कराच्या दराबरोबर वाढतो: ३,५०० च्या वाढीतून १५ टक्क्यांच्या टप्प्यात एका मुलामागे ५२५ डॉलर, ३५ टक्क्यांच्या टप्प्यात १,२२५ आणि प्राप्तिकर लागत नसेल तर काहीच नाही. टॅक्स पॉलिसी सेंटर या संशोधन संस्थेने दोन्ही योजनांनी राष्ट्रीय कर्ज वाढेल, मॅकेन यांच्या योजनेने अधिक, असा अंदाज दिला होता. ओहायोतील एका नळकाम करणाऱ्याने ओबामांना विचारलेल्या प्रश्नावरून ‘जो द प्लंबर’ हे नाव तिसऱ्या वादफेरीत दोघांच्याही तोंडी वारंवार आले. धोरणाच्या दृष्टीने त्यातून नवे काही निघाले नाही.

संघटनेचा हक्क : निम्म्याहून अधिक कामगारांनी कार्डावर सही केली की युनियनला मान्यता द्यावी, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने १ मार्च २००७ रोजी संमत केले. सिनेटमध्ये येथेही ६० मते लागत होती, ते ५१ विरुद्ध ४८ मतांवर अडले. ओबामा सहप्रस्तावक होते, मॅकेन यांनी विरोधी मत दिले. गुप्त मतदानाचा हक्क जातो, हा विरोधकांचा आक्षेप. मतदानापूर्वीच्या आठवड्यांत मालक संघटकांना कामावरून काढतात, हा समर्थकांचा अनुभव. दोन्ही बाजूंना पुरावा आहे, पण दुसऱ्या बाजूचा पुरावा संघीय कामगार संबंध मंडळाच्या खटल्यांत साचलेला असल्याने तो अधिक ठोस आहे. एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने जूनमध्ये ओबामांना पाठिंबा दिला. मतदानोत्तर पाहणीत युनियन सदस्यांच्या घरांतील ५९ टक्के मते ओबामांना, ३९ टक्के मॅकेन यांना पडल्याचे दिसते.

व्यापार : उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराची फेरवाटाघाट करू, असे ओबामा ओहायोत म्हणाले, मॅकेन कराराचे उघड समर्थक होते. कारखाने बंद पडलेल्या गावांतही त्यांनी ही भूमिका बदलली नाही.

बालसंगोपन : शून्य ते पाच वयोगटासाठी वर्षाला १० अब्ज डॉलर आणि पाळणाघराच्या खर्चावर परत मिळणारी करसवलत (ओबामा). उपलब्ध निधीतूनच हेडस्टार्ट बालकेंद्रांचा दर्जा सुधारणे (मॅकेन).

स्थलांतरित श्रमिक : व्यापक सुधारणेला दोघांचाही पाठिंबा, प्रचारात विषय मागे पडला.

निकाल व पुढील घडामोडी : ओबामांना ३६५, मॅकेन यांना १७३ निर्वाचक मते मिळाली. लेडबेटर कायद्यावर २९ जानेवारी २००९ रोजी सही झाली; अध्यक्ष म्हणून ओबामांनी सही केलेला तो पहिला कायदा. मुलांच्या आरोग्य विम्याचा विस्तार ४ फेब्रुवारीला झाला. काम करणाऱ्यांची सवलत फेब्रुवारीच्या मंदी-निवारण कायद्यातून ४०० आणि ८०० डॉलर अशी आली आणि दोन वर्षे चालली. मार्च २०१० च्या आरोग्य कायद्यात प्रौढांवरील जी सक्ती ओबामांनी प्रचारात नाकारली होती, तीच आली. जुलै २०१७ मध्ये तो कायदा मोडून काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये एका निर्णायक विरोधी मताने फसला. ते मत मॅकेन यांचे होते. युनियन मान्यतेचे विधेयक पुढे सरकले नाही. पगारी रजेचा कायमस्वरूपी संघीय हक्क खासगी क्षेत्राला मिळाला नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी आपापल्या योजना चालवल्या आणि संघीय कर्मचाऱ्यांना अपत्यजन्मानंतरची पगारी रजा २०२० मध्ये लागू झाली. किमान वेतन जुन्या कायद्याच्या शेवटच्या टप्प्याने २४ जुलै २००९ रोजी ७.२५ डॉलर झाले, ९.५० चा आकडा ओबामांच्या आठ वर्षांत संघीय कायद्यात आला नाही.