उष्ण कोण, शीत कोण?

वैशाखात सकाळी आठच्या सुमारास रहाटणीच्या रस्त्यावर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांची वाट पाहत तरुण मंडळी उभी असतात. ऊन तेव्हाच चटके देऊ लागलेले असते. दुपारी पारा चाळिशीकडे झुकणार, हे सर्वांना ठाऊक असते. आणि तरीही बायकांपैकी अनेकींच्या पिशवीतून शालीचे नाहीतर स्वेटरचे टोक डोकावत असते. पुरुषांजवळ असे काही नसते. दोन पिढ्यांपूर्वी जिथे शेते होती, तिथल्या लेकीसुना आता ऐन उन्हाळ्यात थंडीची तजवीज करून घराबाहेर पडतात.

या शालीची कचेरीत थट्टा होते. नाजूकपणा, सवयीचा अभाव, मनाचे खेळ, अशी तिची कारणे सांगितली जातात. हाच तंटा रात्री घरी पंख्याच्या वेगावरून होतो. आम्हांस असे वाटते, की हा तंटा दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. स्त्रीचा देह पुरुषाच्या देहापेक्षा उष्ण की शीत, या प्रश्नावर मोठमोठ्या विद्वानांनी मते दिली आहेत, आणि त्या मतांवरून स्त्रियांना काय मिळावे व काय मिळू नये हेही ठरत आले आहे.

ग्रीकांचे उत्तर निःसंदिग्ध होते. ॲरिस्टॉटलच्या मते स्त्री ही प्रकृतीने थंड. रक्ताचे पचन पूर्णत्वास नेण्याइतकी ऊब तिच्यात नाही, म्हणून तिचे रक्त मासिक स्रावाच्या रूपाने बाहेर पडते. गेलनने तेच पुढे नेले: उष्णता कमी पडल्यामुळे तिची जननेंद्रिये बाहेर न येता आतच राहिली. युरोपातील वैद्यकाने हे मत शतकानुशतके वागवले. आपल्याकडे मात्र याच्या नेमके उलट सांगितले गेले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषाचे शुक्र सौम्य, म्हणजे सोमगुणाचे व शीत, आणि स्त्रीचे आर्तव आग्नेय मानले आहे. एका परंपरेत स्त्री थंड म्हणून उणी, तर दुसरीत तिच्या आर्तवात अग्नी! पण आश्चर्य असे, की सामाजिक निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघाला. ती थंड असो वा उष्ण, तिला ताब्यात ठेवणे जरूर आहे, यावर अथेन्सचे आणि आमचे शास्त्री एकमत होते. सिद्धान्ताचे टोक बदलूनही अनुमान बदलत नसेल, तर अनुमान सिद्धान्तातून निघालेलेच नव्हते, असे म्हणावे लागते.

घरातील बायकांचे शास्त्र याहून व्यवहारी होते. गर्भारशीने पपई खाऊ नये, ती उष्ण पडते. आणि बाळंतिणीला मात्र ऊब हवी, म्हणून बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोबरे आणि तूप. यातील पपईची भीती कितपत खरी, हा निराळा विषय. पण बाळंतपणानंतर स्त्रीच्या अंगावर स्निग्ध द्रव्य चढले पाहिजे, कारण ते दुधावाटे उतरणार आहे, हे त्या खोलीतील म्हातारीला कळत होते. तिच्याजवळ मोजण्याचे साधन तेवढे नव्हते.

ते साधन आले एकोणिसाव्या शतकात. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिक यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदी घेतल्या आणि १८६८ साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत ९८.६, हा आकडा रूढ झाला तो त्यांच्यामुळे. त्याच नोंदींत त्यांना असेही आढळले, की स्त्रियांचे तापमान पुरुषांपेक्षा किंचित अधिक असते. ॲरिस्टॉटलचा निकाल काचेच्या नळीने फिरवला. परंतु लोकांनी ३७ हा आकडा तेवढा उचलला आणि बाकीचे विसरले. १९९२ साली अमेरिकेत मॅकोविआक व सहकाऱ्यांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा सरासरी ९८.२ अंश फॅरनहाइट निघाली, स्त्रियांची ९८.४, पुरुषांची ९८.१. स्त्रीचे तापमान महिनाभर एकसारखेही राहत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे ते सुमारे अर्ध्या अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पाळी येईतो चढलेलेच राहते.

मग शाल कशासाठी? १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये युटा येथील संशोधकांनी एक छोटी टिपणी छापली. त्यांनी शरीराच्या आतील तापमान मोजले आणि हातांचेही मोजले. आतून स्त्रिया ०.४ अंश फॅरनहाइटने उष्ण होत्या. हात मात्र पुरुषांच्या हातांपेक्षा जवळजवळ तीन अंशांनी गार. म्हणजे ग्रीक आणि सुश्रुत दोघांनाही अर्धे अर्धे श्रेय देता येईल, आणि कोडेही सुटते. थंडी कळते ती कातडीला. स्त्रीच्या कातडीखाली चरबीचा थर अधिक जाड असतो. तो आतली ऊब आत राखतो, पण म्हणूनच ती ऊब कातडीपर्यंत कमी पोचते. गारवा लागताच हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय उष्णता निर्माण करण्यात स्नायूंचा वाटा मोठा, आणि ते पुरुषाच्या अंगावर अधिक. पोटातले तापमान सुरक्षित आणि बोटे बर्फ, अशी ही रचना आहे. तिच्यात मनाचे खेळ कोठेही नाहीत.

आता या चरबीकडे वळू, कारण खरा इतिहास तिच्यात आहे. अमेरिकी नौदलाचे वैद्य आल्बर्ट बेन्के यांनी 'संदर्भपुरुष' आणि 'संदर्भस्त्री' अशा दोन आदर्श आकृत्या मांडल्या. जगण्यासाठी अनिवार्य अशी चरबी त्यांनी पुरुषात वजनाच्या सुमारे ३ टक्के धरली, स्त्रीत १२ टक्के. एकूण चरबी अनुक्रमे १५ आणि २७ टक्के. त्यापूर्वी १९४७ साली मार्सेयच्या झां व्हाग यांनी दाखवून दिले होते, की चरबी किती याइतकेच ती कोठे हेही महत्त्वाचे. पुरुषी ढंगाने पोटावर साठणारी चरबी मधुमेह व धमन्यांचे विकार घेऊन येते. बायकी ढंगाने नितंब-मांड्यांवर बसणारी त्या मानाने निरुपद्रवी. ही दुसरी चरबी म्हणजे मुदत ठेव आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जादा लागतात, आणि जेवण अपुरे पडले तर त्या या ठेवीतून काढल्या जातात.

ही ठेव आमच्या मुलखात एकदा फार कठोरपणे तपासली गेली. १८७६ च्या पावसाने दगा दिला आणि दख्खनवर दुष्काळ कोसळला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवले. कामावरच्या प्रौढ पुरुषाला दीड पौंडाऐवजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असा त्यांचा हिशेब. तो 'टेंपल वेतन' म्हणून कुप्रसिद्ध झाला. खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या आणि एवढ्यावर जगायचे! पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, कामगार कामे सोडून निघाले. याच टेंपलसाहेबांची त्याच वर्षी मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली, हे जाता जाता नोंदवतो. बाईचे वेतन पुरुषापेक्षा कमी. देह लहान म्हणून पोट लहान, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. तिच्या छातीशी मूल असेल, तर त्या दुधाचे धान्य कोठून यायचे, हे त्या तागडीत नव्हते.

आणि तरीही पुरुषच प्रमाणाने अधिक मेले. टिम डायसन यांनी १९९१ साली हिंदुस्थानातील दुष्काळांच्या मृत्यूनोंदी तपासल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांत मृत्यूची वाढ पुरुषांमध्ये अधिक तीव्र असल्याचे दिसले. याची कारणे अनेक आहेत. पुरुष कामाच्या शोधात भटकले आणि रोगांना बळी पडले. दुष्काळात गर्भधारणाच घटली, त्यामुळे बाळंतपणात मरणाऱ्या बायकाही घटल्या. पण तेवढ्याने भागत नाही. २०१८ साली व्हिर्जिनिया झारुली व सहकाऱ्यांनी आयर्लंड, स्वीडन, युक्रेन इत्यादी ठिकाणचे दुष्काळ आणि साथी एकत्र तपासल्या. तेथेही स्त्रियाच अधिक तगल्या होत्या, आणि त्यातला मोठा वाटा तान्ह्या मुलींचा होता. तान्ही मुलगी काही कामाच्या शोधात भटकत नाही. देहाच्या घडणीतच काही असल्याखेरीज हे घडत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. बायका तगतात, तेव्हा त्यांना कमी दिले तरी चालते, असा अर्थ काढणारे तेव्हाही होते, आजही घराघरांत आहेत. मुले आणि पुरुष जेवल्यावर उरेल ते खाणारी आई तगते, ती आपली ठेव मोडून. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जी रोजगार हमी योजना उभारली, तीत कामाच्या मापावर स्त्री-पुरुषांना सारखा दर ठेवला गेला. टेंपलच्या तागडीपासून तेथवर येण्यास शंभर वर्षे लागली.

तागडी गेली, पण ठराविक पुरुषावरून माप काढण्याची सवय गेली नाही. कचेरीतील गारवा किती असावा याचे आजचे मानक मुख्यतः डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांच्या १९७० च्या ग्रंथावर उभे आहे. फँगर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की त्यांनी प्रयोगांत स्त्रियांनाही बसवले होते. दोष आहे तो सूत्रात घातल्या जाणाऱ्या एका आकड्यात. बसून काम करणारा देह किती उष्णता निर्माण करतो, हा तो आकडा, आणि तो घेतला गेला चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषावरून. २०१५ साली किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी दाखवले, की स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत चढा ठरू शकतो. तेव्हा शालीची थट्टा करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की ती शाल एका गणिती चुकीवर पांघरलेली आहे. भारतात जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्रे मुळात २४ अंशांवर लावून विकणे सक्तीचे झाले. ते विजेच्या बचतीसाठी. बायकांची बोटे कोणाच्या मनात नव्हती, पण फायदा त्यांनाही झाला असावा.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर पुरुषाऐवजी बेन्केंची संदर्भस्त्री माप म्हणून घ्यावी, एवढेच म्हणता आले असते. पण ती स्त्री अमेरिकी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतल्या गर्भारशींचा अभ्यास सुरू केला. आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, देह शिडशिडीत. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी बरीच उणी होती. पाठीवरील कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. २००३ साली या बाळाला नाव मिळाले: रोड पण चरबीयुक्त. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये आले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

बस थांब्यावरच्या मुलीला हे लागू केले तर काय दिसते? काट्यावर तिचे वजन 'योग्य' भरते, म्हणून तिला कोणी काही सांगत नाही. पण तेवढ्याच वजनात तिच्याजवळ स्नायू कमी आणि चरबी अधिक असण्याचा संभव आहे, आणि ती चरबी मांड्यांऐवजी पोटाकडे वळली असेल, तर व्हाग यांनी सांगितलेले संरक्षणही तिला पुरतेपणी नाही. स्नायू कमी म्हणजे ऊबही कमी. तिला गोऱ्या सहकारिणीपेक्षाही अधिक थंडी वाजत असेल, असा आमचा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. भारतीय वैद्यांनी २००९ साली ठरवलेल्या सूचनांत लठ्ठपणाची रेषा ३० वरून २५ वर आणली आहे आणि बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरली आहे. साधी शिवणकामाची फीत लागते.

त्या सहा खेड्यांतील बाळे आता तिशीत आहेत. ती वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातील मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग केईएमच्या पथकाने केला. गर्भ राहण्याच्या आधीच आईचे पोषण सुधारले, तर तिच्या बाळाच्या अंगावर काय चढते आणि काय नाही, हे त्यांना पाहायचे होते. त्या मुलींपैकी अनेकींची लग्ने होऊन मुलेही झाली, आणि ती मुले जन्मतःच वजनकाट्यावर व मोजपट्टीखाली गेली आहेत.