गवताखालचं काँक्रीट

इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधल्या ब्रॉकहॅम्प्टन गावात ऑल सेंट्स नावाचं एक छोटं चर्च आहे. लाल वालुकाश्माच्या भिंती, बुटका मनोरा आणि वर गवताने शाकारलेलं छप्पर. बाहेरून ते चार-पाचशे वर्षं जुनं वाटतं. प्रत्यक्षात ते १९०१-०२ सालचं आहे, आणि त्या गवताखाली चक्क काँक्रीट आहे.

हे चर्च विल्यम लेथबी यांनी बांधलं. आपल्या वाचकांना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण इस्तंबूलच्या आया सोफियावर १८९४ मध्ये हॅरॉल्ड स्वेनसन यांच्यासोबत ग्रंथ लिहिणारे ते हेच. तेव्हा आया सोफिया मशीद होती. १९३४ च्या निर्णयाने ती संग्रहालय झाली, २०२० मध्ये पुन्हा मशीद. ही वास्तू कुणाची, यावर आपण बरंच बोललो, भांडलोही. लेथबींचा मुख्य प्रश्न वेगळा होता: ती उभी कशी राहिली, कोणत्या दगडाने, कुणाच्या हातांनी?

तोच प्रश्न ते ब्रॉकहॅम्प्टनला घेऊन आले. ते विल्यम मॉरिस यांच्या विचारांचे, आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतले. कारखानदारीने कारागिराला हुकमाचा ताबेदार केलं, ही त्या चळवळीची तक्रार. म्हणून इथे मुख्य कंत्राटदारच नेमला नाही. गवंडी, सुतार थेट कामाला घेतले आणि जागेवर रँडल वेल्स हे तरुण वास्तुविशारद देखरेखीला ठेवले. (पैसा मात्र बोस्टनच्या बड्या डिपार्टमेंट स्टोअरचा. त्याचे मालक एबेन जॉर्डन यांची मुलगी अ‍ॅलिस फॉस्टर यांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधून घेतलं.)

आत गेलं की टोकदार कमानी जवळजवळ जमिनीपासूनच उभ्या चढतात. त्यांच्यावरचं उतरतं छत काँक्रीटचं, जागेवरच ओतलेलं, आत सळई नाही. सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसेही झाकलेले नाहीत. जुन्याचं वेड असलेला माणूस इतकं नवं साहित्य वापरतो याचं अनेकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. रोमन लोकांनीही काँक्रीट ओतलंच होतं. लेथबींचा राग साहित्यावर नव्हता, खोट्या नकलेवर होता. गवतही शोभेपुरतं नाही, ते काँक्रीटला ऊन-थंडीपासून राखतं.

पण प्रयोग महाग पडला. काम चालू असतानाच पाया अपुरा ठरला, बांधकामाला तडे गेले. कंत्राटदार नाही म्हटल्यावर दोष टाकणार कुणावर? लेथबींनी तो स्वतःवर घेतला. चर्च पूर्ण झालं, त्यात मॉरिस कंपनीने विणलेले बर्न-जोन्स यांचे देवदूत आले, ख्रिस्तोफर व्हॉल यांची रंगीत काच आली. लेथबींनी मात्र त्यानंतर एकही इमारत बांधली नाही. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये ते कारागिरी शिकणाऱ्या मुलांचं काम पाहत राहिले, आणि १९०६ पासून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे जुने दगड सांभाळत राहिले.