कियांगान

कियांगान : फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरील कॉर्डिलेरा पर्वतप्रदेशातील इफुगाव प्रांताची एक ग्रामीण म्युनिसिपालिटी. फिलिपिन्समध्ये म्युनिसिपालिटी म्हणजे केवळ शहराचा कारभार पाहणारी संस्था नव्हे, तर मुख्य गाव आणि भोवतालच्या अनेक वस्त्या, शेते व डोंगर मिळून होणारा प्रांताखालचा प्रशासकीय विभाग असतो; त्याचा कारभार दर तीन वर्षांनी निवडला जाणारा महापौर व त्याचे मंडळ पाहते. त्याखालील सर्वांत लहान एककाला ‘बारांगाय’ म्हणतात. कियांगानमध्ये असे १४ बारांगाय असून २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १७ हजारांहून थोडी अधिक आहे. आकाराने व वस्तीने हे ठिकाण छोटे असले, तरी इफुगाव लोकांच्या परंपरेत ते पूर्वजांचे मूळ गाव मानले जाते आणि दुसऱ्या महायुद्धातील फिलिपिन्सच्या रणभूमीचा शेवटही येथेच झाला.

कियांगानच्या पूर्वेस प्रांताचे मुख्य ठिकाण लगावे, उत्तरेस हुंगदुआन, पश्चिमेस तिनोक व नैर्ऋत्येस आसिपुलो या म्युनिसिपालिट्या आहेत. मनिलाहून येणारा रस्ता नुएवा विस्काया प्रांतातील बगाबागपाशी सखल खोरे सोडून लामुतमार्गे लगावेकडे चढतो व तेथून जवळच कियांगान लागते. येथील ओढ्यांचे पाणी इबुलाव नदीत जाते. इबुलाव मागात नदीला मिळते आणि मागात पुढे कागायान या देशातील सर्वांत लांब नदीला. मागातवर १९८० च्या दशकाच्या आरंभी मोठे धरण पूर्ण झाल्यापासून या डोंगरांतील रानांचे महत्त्व केवळ स्थानिक उरलेले नाही, कारण धरणात येणारे पाणी व गाळ या दोहोंचे प्रमाण वरच्या उतारांवरील झाडोऱ्यावर अवलंबून असते. प्रदेश तीव्र उतारांचा, पावसाळा दीर्घ आणि वादळे नित्याची, त्यामुळे दरडी कोसळणे, बांध फुटणे व रस्ते बंद पडणे हे येथील जीवनाला नवे नाही.

अशा उतारांवर इफुगाव लोकांनी पाणी धरून ठेवणारी पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे घडवली. त्यांना स्थानिक भाषेत ‘पायो’ म्हणतात. कियांगानमधील नागाकादान बारांगायच्या परिसरात, मध्ये नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना वर वर चढत गेलेल्या खाचरांच्या रांगा, अशी रचना दिसते. खाचरांच्या वर डोंगरमाथ्याकडे ‘मुयोंग’ नावाची खाजगी राने असतात. प्रत्येक रान एखाद्या कुटुंबाच्या मालकीचे असते आणि ते वारसाहक्काने पुढे जाते. त्यातून सरपण, घरासाठी लाकूड, वेत, फळे व औषधी वनस्पती मिळतात, पण त्याचे सर्वांत मोठे देणे म्हणजे पाणी. रानातील माती पाऊस मुरवून घेते, झऱ्यांतून तो सावकाश सोडते, झऱ्यांचे पाणी पाटांनी वरच्या खाचरात येते आणि तेथून बांधाबांधाने खालच्या खाचरांत उतरते. वरच्या कुटुंबाने आपले रान तोडले किंवा आपला बांध ढासळू दिला, तर त्याचा फटका खालच्या सर्वांना बसतो. या व्यवस्थेचे खरे कौतुक बांधांच्या उंचीपेक्षा या परस्परावलंबनात आहे. राजा वा केंद्रीय सत्ता नसताना शेकडो कुटुंबांनी ते पिढ्यान्पिढ्या सांभाळले.

खाचरांत परंपरेने ‘तिनावोन’ नावाच्या देशी भाताच्या जाती लावल्या जातात. त्यांचे पीक वर्षातून एकदाच येते : वर्षअखेरीस बी पेरून रोपे तयार करायची, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावणी करायची आणि जून-जुलैमध्ये कापणी. कापणीच्या वेळी रोप बुंध्यापाशी न कापता हातात मावणाऱ्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडली जाते, लोंब्यांच्या जुड्या बांधून वाळवल्या जातात आणि कोठारात रचल्या जातात. घर व कोठार दोन्ही लाकडी खांबांवर उचललेली असतात आणि उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला वरच्या बाजूस रुंद लाकडी चकती बसवलेली असते. कोठारात ‘बुलुल’ या बसलेल्या वा उभ्या लाकडी मूर्ती, बहुधा जोडीने, धान्याच्या राखणीसाठी ठेवतात. त्यांची प्रतिष्ठापना ‘मुंबाकी’ म्हणजे पारंपरिक पुरोहित देवतांची व पूर्वजांची नावे उच्चारीत, डुकरे-कोंबड्यांचा बळी व तांदळाची दारू अर्पण करून करतो. असे असले तरी रोजच्या पोटाला भात सर्वांनाच मिळत होता, असे समजू नये. ज्यांच्याकडे पुरेशी खाचरे होती तो ‘कादांग्यान’ हा श्रीमंत वर्ग भात खाई आणि मेजवान्या घालून प्रतिष्ठा मिळवी, तर गरिबांची भिस्त डोंगरउतारावर झाडोरा जाळून केलेल्या कुमरी शेतीतल्या रताळ्यांवर असे. खाचर हे म्हणूनच अन्नाइतकेच समाजातील स्थानाचेही माप होते.

ही खाचरे किती जुनी, हा कियांगानच्या इतिहासातील सर्वांत वादाचा आणि सर्वांत उद्‌बोधक प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉय फ्रँकलिन बार्टन आणि हेन्री ओटली बायर या अमेरिकी अभ्यासकांनी, एवढे बांधकाम व्हायला किती काळ लागला असेल या अंदाजावरून, ती दोन ते तीन हजार वर्षांची असावीत असे मांडले; हा आकडा पाठ्यपुस्तकांत, नोटांवरील चित्रांच्या वर्णनांत व पर्यटनाच्या पत्रकांत रुजला. पुढे फेलिक्स कीसिंग यांनी १९६२ मध्ये स्पॅनिश कागदपत्रांच्या आधारे उलट मत मांडले, की मागात खोऱ्यातील स्पॅनिश अंमल टाळून वर आलेल्या लोकांनी ओल्या भातशेतीचा हा विस्तार केला. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांनी बानावे परिसरातील खाचरांची आणि त्यानंतर, २०१२ पासून, जुन्या कियांगान गावठाणाची पद्धतशीर तपासणी केली. गावठाणातील वस्ती जुनी असली तरी आरंभीच्या थरांत ओल्या भातशेतीचा पुरावा मिळत नाही, अळूचे अवशेष मिळतात. भाताचा जोर साधारणपणे १६५० च्या सुमारापासून दिसतो आणि त्याच काळात बाहेरून आलेली चिनी भांडी व मणी यांचे प्रमाण वाढते.

खाचरे काही शतकांचीच आहेत, या निष्कर्षाने त्यांचे मोल कमी झाले, असे अनेकांना वाटले. पण ते बरोबर नाही. हजारो वर्षे जसेच्या तसे राहिलेले लोक, ही इफुगावांची प्रतिमा बाहेरच्यांनी तयार केली होती आणि तिच्यात त्यांना स्वतःचा इतिहासच उरला नव्हता. नव्या पुराव्यातून दिसतो तो वसाहती सत्तेचे आक्रमण ओळखून, दोन-तीन शतकांच्या आत आपली शेती, अन्न, विधी व समाजरचना नव्याने बांधणारा आणि त्या बळावर स्पेनला प्रदीर्घ काळ दूर ठेवणारा समाज. उत्खननाच्या कामात स्थानिक इफुगाव कार्यकर्त्यांची ‘सेव्ह द इफुगाव टेरेसेस मूव्हमेंट’ ही संस्था प्रारंभापासून सहभागी होती, हेही महत्त्वाचे.

स्पॅनिशांना येथे कायमचे ठाणे बसवता आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे सखल लुझोन ताब्यात घेतल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. कियांगान हे लष्करी प्रशासनाचे केंद्र झाले. या काळात डोमिनिकन पंथाचे धर्मोपदेशक हुआन विलाव्हेर्दे यांनी धर्मप्रसाराबरोबर डोंगरवाटा आखण्याचे काम केले. नुएवा विस्काया व पांगासिनान यांना जोडणारी ‘विलाव्हेर्दे वाट’ आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १८९८ च्या क्रांतीत स्पॅनिश अंमल संपला आणि त्यानंतर अमेरिकी आले. १९०८ मध्ये इफुगाव प्रदेश नुएवा विस्कायापासून तोडून नव्या ‘माउंटन प्रॉव्हिन्स’चा उपप्रांत करण्यात आला. बेल्जियन कॅथलिक मिशनऱ्यांनी कियांगानमध्ये चर्च व शाळा उभारली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती धर्म येथे पसरला, तरी मुंबाकींचे विधी पूर्णतः थांबले नाहीत.

या काळात शिक्षक म्हणून आलेल्या बार्टन यांनी कियांगान भागातील रूढ कायद्याचा अभ्यास करून १९१९ मध्ये ‘इफुगाव लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायालय, पोलीस व लेखी कायदा नसलेल्या समाजातही बांधीव न्यायपद्धती असू शकते, हे त्यातून जगापुढे आले. तंटा झाल्यावर दोन्ही पक्षांना मान्य असा ‘मोनकालुन’ म्हणजे मध्यस्थ नेमला जाई. तो एका घरातून दुसऱ्या घरात निरोप नेई, एकाची हेका सोडायची तयारी करून घेई, दुसऱ्याला धाक घाली, आणि बोलणी चालू असेतो कोणीही शस्त्र उचलायचे नाही हा नियम पाळला जाई. दंडाची रक्कम गुन्ह्याबरोबरच दोन्ही पक्षांच्या सामाजिक स्तरावर ठरत असे, आणि जबाबदारी एकट्या व्यक्तीची नसून तिच्या सर्व नातलगांची मानली जाई. आरोप सिद्ध होत नसेल तर उकळत्या पाण्यातून खडा काढण्याचे दिव्य करावे लागे. कायद्याच्या मानवशास्त्रात हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो.

१९४५ मध्ये कियांगानवर युद्ध कोसळले. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकणारा जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता मनिला, बागियो अशी ठिकाणे सोडत उत्तर लुझोनच्या डोंगरांत मागे सरकला आणि त्याने कियांगान परिसरात मुख्य तळ ठेवला. अमेरिकी ३२ व्या डिव्हिजनने विलाव्हेर्दे वाटेवर काही महिने जबर किंमत मोजून लढाई दिली. जुलैमध्ये कियांगान जपान्यांच्या हातून गेले, तेव्हा यामाशिता पलीकडच्या आसिन खोऱ्यात सरकला. अन्नाचा पुरवठा तुटलेल्या जपानी सैन्याने इफुगावांचे भात, रताळी व जनावरे ओरबाडली, तर बॉम्बफेकीने गावे उद्ध्वस्त झाली. या शेवटच्या महिन्यांची झळ स्थानिकांना लढणाऱ्यांइतकीच लागली. २ सप्टेंबर १९४५ रोजी, टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीवर सह्या होत होत्या त्याच दिवशी, यामाशिता डोंगरांतून खाली येऊन कियांगानमध्ये ३२ व्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. औपचारिक दस्तऐवजावर दुसऱ्या दिवशी बागियोमधील ‘कॅम्प जॉन हे’ येथे सह्या झाल्या. मनिलातील लष्करी न्यायासनापुढे खटला होऊन त्याला २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी देण्यात आली. कियांगानमध्ये या घटनेचे मोठे युद्धस्मारक आहे.

१८ जून १९६६ रोजी इफुगाव स्वतंत्र प्रांत झाला, पण प्रांताचे मुख्य ठिकाण लगावे ठरले. १९९२ मध्ये कियांगानचा काही भाग वेगळा करून आसिपुलो ही नवी म्युनिसिपालिटी करण्यात आली. येथील बहुसंख्य लोक तुवाली इफुगाव भाषा बोलतात. लावणी-कापणीच्या वेळी व प्रेतजागरात गायली जाणारी ‘हुडहुड’ ही दीर्घ कथागीते याच भाषिक परंपरेत वाढली. त्यांत अलिगुयॉनसारख्या वीरांच्या कथा असतात, मुख्य गायिका बहुधा वृद्ध स्त्री असते, बाकीच्या स्त्रिया तिला साथ देतात आणि एक संपूर्ण कथा गायला काही दिवस लागू शकतात. बेल्जियन धर्मगुरू फ्रान्सिस लांब्रेख्त यांनी त्यांतील अनेक कथा लिहून घेतल्या. युनेस्कोने २००१ मध्ये हुडहुडला मौखिक वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले.

त्याआधी, १९९५ मध्ये, नागाकादानसह कॉर्डिलेरातील पाच खाचरसमूह जागतिक वारसा यादीत आले होते. मात्र बांध ढासळणे, पाट निकामी होणे व खाचरे पडीक पडणे यांमुळे हा वारसा २००१ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत टाकावा लागला. डागडुजी व व्यवस्थापनातील सुधारणांनंतर तो २०१२ मध्ये त्या यादीतून बाहेर आला. धोका मात्र टळलेला नाही. १९८० च्या दशकात खाद्य म्हणून देशात आणलेली सोनेरी गोगलगाय खाचरांत शिरली व कोवळी रोपे खाऊ लागली, आणि शिकलेली पिढी नोकरीसाठी शहरांकडे व परदेशांकडे जाऊ लागली. एका पिकावर घर चालत नाही, बांध दर वर्षी हाताने दुरुस्त करावा लागतो आणि त्या श्रमाचे मोल बाजारात मिळत नाही. वारशाचा मान खाचरांना मिळाला, त्यांत राबणाऱ्यांचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने पूर्वजांच्या भूमीवरील समाजांचा हक्क मान्य केला आहे. त्याचा लाभ घेऊन मुयोंग व पायो एकत्र टिकवायची असतील, तर जतनासाठी येणारा पैसा आधी बांध घालणाऱ्या कुटुंबांच्या हाती पोचला पाहिजे.