काडतूस कोणाच्या हातात?

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यात डोईफोडिया नावाचं गाव आहे. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात 'डोई' ऐकू येतेच! जळगाव, बुलढाणा, अमरावतीला लागून असलेला हा सगळा सातपुड्याचा मुलूख. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगड. या गडाच्या इतिहासात आपल्या गोव्याचा एक धागा गुंतला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही.

१६०० साली अकबराचा असीरगडाला वेढा होता. गड फोडायला त्याच्याकडे पुरेशा मोठ्या तोफा नव्हत्या. छावणीत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. पोर्तुगिजांकडून तोफा आणि दारूगोळा मिळवण्यासाठी चौलला पत्र लिही, असं बादशहाने त्याला सांगितलं. झेवियरने चक्क नकार दिला. गडाच्या सुलतानाशी पोर्तुगिजांचा तह होता. शेवटी जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. तो सोन्याच्या चाव्यांनी उघडला, असं जेझुइटांनी लिहून ठेवलं आहे. हिंदुस्थानच्या बादशहालाही दारूगोळ्यासाठी पाखल्यांचं दार ठोठवावं लागलं होतं!

'काडतूस' हा शब्दसुद्धा आपल्याला पोर्तुगिजांनीच दिला. मूळ शब्द 'कार्तुशो'. पण शब्द आला तरी तोड्याच्या बंदुकीच्या काळात वस्तूचं अडत नव्हतं. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू इथेच होत असे, शिशाची गोळी गावातही ओतता येई. ज्याची बंदूक, त्याचाच दारूगोळा.

हे चित्र पालटलं ते मागून भरायच्या बंदुकांनी. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. चापाखालचा दांडा खाली ओढला की आतला ठोकळा खाली झुके, रिकामं कवच बाहेर पडे. नवं काडतूस सरकवून दांडा वर केला की बंदूक तयार. पुढे घोडदळासाठी तिची आखूड कार्बाइन निघाली. रायफलच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. हलक्या कार्बाइनमधून तेच उडवलं तर खांद्याला असा दणका बसे की विचारू नका. म्हणून तिच्यासाठी ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनच्या गोळीचं वेगळं काडतूस करावं लागलं.

खरं दुखणं कवचात होतं. कर्नल बॉक्सरच्या रचनेत पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून नळी करत आणि बुडाला लोखंडी चकती बसवत. बंदूक तापली, आत काजळी साचली, की कवच अडके. दांडा ओढल्यावर बूड निघून येई आणि नळी आतच राही. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमध्ये अबू क्लीच्या लढाईत ऐन धुमश्चक्रीत बंदुका अशा अडकल्या. त्यानंतर अखंड पितळेच्या कवचांकडे सैन्य वळलं.

असं कवच गावच्या लोहाराच्या भात्यावर होत नाही. त्याला यंत्रं लागतात, कारखाना लागतो. तो कारखाना सरकारच्या हातात. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली. तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं दिसतात. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातली हत्यारं काढली गेली. हिंदी शिपायांनाही १८५७ नंतर गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक मिळे. पुढे ली-एनफिल्डच्या नळ्या मोठ्या आणि गुळगुळीत करून त्यांची ४१० बोअरची एकबारी मस्कट बनवली, तिचं काडतूसही निराळं. बंदूक चोरली तरी गोळी कुठून आणणार?

मार्टिनीची गंमत अजून संपलेली नाही. २००३ च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो बंदुका परदेशी संग्राहकांकडे गेल्या. त्यांना काडतुसं मिळेनात, तेव्हा २४ बोअर शॉटगनच्या पितळी कवचांना आकार देऊन लोकांनी काम भागवलं. आपल्याकडे हा उद्योग परवान्याशिवाय करता येत नाही, आणि शतकाहून जुन्या पोलादाचा भरवसा धरणं शहाणपणाचंही नाही. भिंतीवरची बंदूक भिंतीवरच शोभते.

आणि गोव्याचं काय? १९६१ च्या डिसेंबरात इथल्या पोर्तुगीज फौजेने लिस्बनकडे रणगाडाविरोधी ग्रेनेड मागितले, सांकेतिक शब्द होता 'शोरिस'. लिस्बनहून विमानाने खरोखरचे शोरिस आले, असं सांगतात! गोंयकार हे हसत सांगतो. पण ज्या सत्तेने बंदुकीच्या जोरावर साडेचारशे वर्षं राज्य केलं, तिचाही दारूगोळा शेवटी हजारो मैलांवरच्या कोणा दुसऱ्याच्या हातात होता, हे त्या हसण्यात विसरायला नको.