तुळशीचा हिवाळा : वृंदावनापासून बाल्कनीपर्यंत

पिंपरी-चिंचवडचा इतिहास म्हटलं की आपण कारखान्यांपासून सुरुवात करतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि पुढे चाकण. आज आपण हाच इतिहास कुंडीच्या बाजूनं बघू. प्रश्न घरातलाच आहे : तुळशीचं लग्न झालं की महिना-दीड महिन्यात बाल्कनीतली तुळस का वाळते, आणि आधीच्या पिढ्या तिचं काय करत होत्या?

चिंचवडगाव, आकुर्डी, भोसरी, चाकण, कुठलंही जुनं गावठाण घ्या. तुळस असायची ती अंगणातल्या वृंदावनात. वृंदावन ही आपली सर्वांत जुनी कुंडीच म्हणायची. दगड, वीट, चुना, आत भरपूर माती. जाड भिंत दिवसभर ऊन खाते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. वारा अडवायला भोवती घराच्या भिंती. हे सगळं थंडीसाठी बांधलं, असं आपण म्हणत नाही. कारण श्रद्धेचं होतं. पण झाडाला त्याचा फायदा मिळत होता. आणि पुण्याकडची थंडी काही लुटुपुटीची नाही. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. तुळस तर साधारण दहा अंशांच्या खालीच कुरकुरायला लागते.

तरीही तुळस वाळायचीच. म्हणून मंजिऱ्या खुडायच्या, थोड्या पिकू द्यायच्या, बी जपून ठेवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला नवं रोप करायचं. म्हणजे झाड गेलं तरी बियाण्याच्या रूपानं ते हिवाळा काढत होतं.

आता युरोपात काय चाललं होतं बघा. १६८४ ते १६८६ या काळात व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याच्या झाडांसाठी एक प्रचंड दालन बांधलं गेलं. दक्षिणेकडे तोंड, जाड भिंती, मोठ्या खिडक्या. लाकडी पेट्यांतली झाडं ऑक्टोबरात आत न्यायची आणि मे महिन्यात बाहेर काढायची. तिथे झाड हलवत होते, आपल्याकडे बी सांभाळत होते. थंडीला दिलेली ही दोन वेगवेगळी उत्तरं.

मग आपल्या पट्ट्याचं रूपच पालटलं. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ साली महानगरपालिका. शेतजमिनी कारखान्यांना आणि वसाहतींना गेल्या. त्याच सुमारास, १९७२ च्या दुष्काळानंतर, कोरडवाहू भागांतून माणसं कामाला इकडे येत होती. एकाची जमीन गेलेली, दुसऱ्याची मागे राहिलेली. हाताला मातीची सवय दोघांच्याही, पण पायाखाली फरशी. मग गॅलरीत काय आलं? तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाचा रिकामा डबा, अर्धा कापलेला ड्रम. त्यात तुळस, गवती चहा, ओवा, कढीपत्ता. जुन्या कंपनी-कॉलन्यांत राहिलेल्यांना हे चित्र नक्की आठवेल.

पण या बदलात एक गोष्ट निसटली. जमिनीत हातभर खाली गेलं की दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक राहत नाही. डब्यातल्या मातीला मात्र चारी बाजूंनी हवा लागते. पत्रा आणि प्लॅस्टिक पातळ. रात्री मुळं लवकर गार पडतात. वर सातव्या-आठव्या मजल्यावरचा वारा. आणि आपण? उन्हाळ्याइतकंच पाणी रोज घालतो. गार, ओल्या मातीत मुळं कुजतात. दोष आपण थंडीला देतो.

हा पट्टा थंडीचं शास्त्र जाणत नाही असंही नाही. १९९१ नंतर निर्यातीची दारं उघडली आणि शेजारच्या मावळात, तळेगावच्या आसपास, पॉलिहाऊस उभी राहिली. तिथला गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो. भर हिवाळ्यात फूल तयार करायचं म्हणजे आतली रात्र किती गार होऊ द्यायची याचा हिशेब ठेवावाच लागतो.

आणि आता आपली मुलं, नातवंडं चाकणहून श्टुटगार्टला जातात. तिथे ११ ते १५ मे या दिवसांना लोक 'हिमसंतांचे' दिवस मानतात. ते सरेपर्यंत नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत. आपल्या पंचांगासारखाच तो एक अनुभव. तिथली मराठी घरं ऑक्टोबरात तुळस आणि कढीपत्ता खिडकीशी आणतात. कढीपत्त्याची पानं गळतात, काडी तेवढी उरते. पुष्कळजण ती फेकून देतात. फेकू नका. झाड बहुधा झोपलेलं असतं. पाणी अगदी कमी करा, वाट बघा. ऊब आली की खालून फुटतं.

इथे चिंचवडमध्येही तेच करायचं. कुंडी भिंतीला लावून ठेवायची, दोन-चार कुंड्या एकत्र, गोणपाट गुंडाळायचं, माती वरून सुकल्यावर सकाळीच पाणी. मंजिऱ्या वेळेवर खुडायच्या आणि थोडं बी मात्र नक्की ठेवायचं.

या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांकडे उरलेली शेती म्हणजे एवढी एक कुंडी आहे. सातबारा परत येणार नाही. पण कोणत्या महिन्यात हात आखडायचा आणि कोणत्या महिन्यात बी पेरायचं, हे माहीत असलेलं माणूस घरात असेपर्यंत शेतकरीपण पुरतं गेलेलं नसतं. तुमच्या घरात ते कोणाला माहीत आहे, हे या दिवाळीत विचारून ठेवा.