जेसॉनची जडणघडण

दोन संगणकीय प्रोग्रॅमना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायची असेल, तर ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणांनी मांडायची हे आधी ठरलेले असावे लागते. या ठरावालाच फॉरमॅट म्हणतात, आणि ती मांडणी माणसालाही वाचता येईल अशा अक्षरांत असली की फॉरमॅट मजकुराधारित ठरतो. स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारा सीएसव्ही हा त्यांतला जुना व सर्वांत बेशिस्त. आयबीएमच्या एका फोरट्रान कंपायलरमध्ये अशी यादी वाचण्याची सोय १९७२ साली होती, परंतु त्याचे नियम आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदले गेले ते थेट २००५ मध्ये, आणि तेही रूढ झालेल्या वहिवाटीची नोंद म्हणून.

एक्सएमएल या दुसऱ्या मजकुराधारित फॉरमॅटचे कूळ वेगळे आहे. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये दस्तऐवजांच्या भागांना खुणा लावण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्यातून १९८६ चे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले आणि त्याचेच सुटसुटीत रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल जाहीर झाले. दस्तऐवजासाठी घडवलेली ही पद्धत लवकरच आकडे, याद्या आणि व्यवहारांच्या नोंदी वाहू लागली. पण त्या कामासाठी प्रत्येक नाव एकदा आरंभी व एकदा शेवटी लिहिणे जड जाई, आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील याद्या व नोंदी या रचनेत बसवायला बरीच जुळवाजुळव करावी लागे.

याच काळात, एप्रिल २००१ मध्ये, कॅलिफोर्नियात चिप मॉर्निंगस्टार यांच्या गॅरेजमधून डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांनी जेसॉन या नव्या फॉरमॅटमधला पहिला संदेश पाठवला. ब्राउझर पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलू शकावा एवढाच त्यांचा हेतू होता, आणि त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत आधीपासूनच असलेले महिरपी व चौकटी कंस त्यांनी उचलले. क्रॉकफर्ड स्वतः हा आपला शोध नव्हे, आपल्याला तो सापडला, असे सांगत आले आहेत. तो पहिला संदेश मात्र फसला. त्यातील एका नोंदीचे नाव ‘डू’ होते, आणि ‘डू’ हा जावास्क्रिप्टचा आरक्षित शब्द, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेला आणि नाव म्हणून उघडा वापरता न येणारा शब्द. आरक्षित शब्दांची लांबलचक यादी नियमांत घालण्याऐवजी सर्वच नावे अवतरणचिन्हांत ठेवण्याचा नियम त्यांनी केला. पुढे २००९ च्या आवृत्तीत जावास्क्रिप्टने ही अडचण दूर केली, तरी अवतरणचिन्हे राहिलीच.

क्रॉकफर्ड यांची खरी करामत काय घातले यापेक्षा काय गाळले यात आहे. सुरुवातीला या फॉरमॅटमध्ये टिपा लिहिता येत. काही लोक त्यांत वाचकाऐवजी प्रोग्रॅमसाठीच्या सूचना भरू लागले, तेव्हा एकाच मजकुराचे वेगवेगळे अर्थ निघतील या भयाने टिपा काढून टाकण्यात आल्या. फॉरमॅटला आवृत्ती-क्रमांकही दिला नाही, म्हणजे सुधारणेचे दारच बंद. टिपा नसण्याचा जाच सेटिंगच्या फाइली हाताने लिहिणाऱ्यांना आजही होतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. तथापि जो कधी बदलणार नाही त्याच्यावर निर्धास्त विसंबता येते, हा लाभ मोठा होता. पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याच्या, २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव मिळालेल्या पद्धतीने वेबपाने लिहिली जाऊ लागल्यावर जेसॉन झपाट्याने पसरला. आरंभी अनेक ठिकाणी आलेला मजकूर थेट जावास्क्रिप्ट म्हणूनच चालवला जाई, ज्यामुळे पाठवणाऱ्याने घातलेली कोणतीही आज्ञा ब्राउझर पाळून मोकळा होई. नुसता मजकूर तपासून वाचणारी सोय भाषेत आली ती २००९ च्याच आवृत्तीत.

मराठी मजकुराची गोष्ट या इतिहासात जरा उशिरा सरळ झाली. जेसॉनमध्ये देवनागरी अक्षरे जशीच्या तशी लिहिण्यास कधीच मनाई नव्हती. तरीही केवळ इंग्रजी अक्षरांवर भरवसा ठेवणारे प्रोग्रॅम प्रत्येक अक्षर, मात्रा व वेलांटीसाठी उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार षोडशमान अंक लिहीत, त्यामुळे युनिकोडच्या पाच चिन्हांचा ‘मराठी’ हा शब्द तीस चिन्हांचा होई. युनिकोडची चिन्हे बाइटांत मांडणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत तोच शब्द पंधरा बाइटांत मावतो. डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ ने खुल्या देवाणघेवाणीत यूटीएफ-८ अनिवार्य केले, पण तीस चिन्हांचे ते रूपही नियमात बसते, आणि काही लायब्रऱ्या सांगितल्याशिवाय ते सोडत नाहीत.