हँडल मारण्याची विद्या

मोटारीच्या इतिहासाची गणना सामान्यतः २९ जानेवारी १८८६ या दिवसापासून करतात, कारण त्या दिवशी कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी वाहनाच्या पेटंटासाठी अर्ज दाखल केला. त्या वाहनाच्या मागील बाजूस एक जड चक्र आडवे बसवलेले होते, आणि ते मनुष्याने स्वतःच्या हातांनी फिरवून दिल्यावाचून इंजिन चालू होत नसे. वाफेच्या यंत्रात बाष्पकातला दाब पुरेसा झाला की झडप उघडताच दट्ट्या सरकू लागतो. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. त्याला आधी इंधनमिश्रित हवा आत ओढावी लागते, ती दाबावी लागते, आणि त्यानंतरच ठिणगीने ज्वलन होऊन शक्ती मिळते. म्हणजे शक्ती देण्यापूर्वी ते दुसऱ्याकडून शक्ती उसनी घेते. ही उसनवारी मोटारीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बहुतांशी मनुष्याच्या मनगटाने पुरवली, आणि त्यातून जी विद्या निर्माण झाली तिला आपल्या गॅरेजांत ‘हँडल मारणे’ म्हणतात. दशकानुदशके छपराखाली पडून राहिलेल्या इंजिनाला पुन्हा गती द्यावयाची असेल, तर या विद्येवाचून आजही गत्यंतर नाही.

या विद्येचा सर्वाधिक प्रसार हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीने केला. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निर्माण झाल्या. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.९ लिटरचे आणि वीस अश्वशक्तीचे होते. त्यात तेलाचा पंप नव्हता; फिरते फ्लायव्हील तळाचे तेल उडवी आणि तेच तेल सर्वत्र पोहोचे. पाण्याचाही पंप नव्हता. तापलेले पाणी स्वभावतः वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. तेल किती आहे हे पाहण्यासाठी खालच्या अंगाला दोन तोट्या एकीखाली एक बसवलेल्या असत. खालचीतून तेल यावे आणि वरचीतून येऊ नये, एवढाच त्याचा हिशेब होता.

अशा गाडीला हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागे, आणि त्यासाठी सुकाणूचक्राखाली स्वतंत्र दांडी असे. ती दांडी योग्य जागी नसेल, तर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होई आणि हँडल उलट्या दिशेने फिरून हातावर आघात करी. म्हणून जाणत्यांनी नियम घालून दिले: हँडल डाव्या हाताने धरावे, अंगठा मुठीभोवती न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. या नियमांची उपेक्षा किती जणांना भोवली असेल याची साक्ष वैद्यकशास्त्राने जपून ठेवली आहे. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचे हाड एका विशिष्ट प्रकारे मोडते, त्या अस्थिभंगाला शल्यचिकित्सक अद्यापि ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला, मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला, आणि मनुष्याच्या मनगटाची त्या जोखमीतून हळूहळू मुक्तता झाली.

आपल्या प्रांतात मात्र हँडलची कारकीर्द पुष्कळ लांबली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण ठरवले की, येथे खरोखर उत्पादन करण्याची योजना नसलेल्या आणि केवळ आयात भाग जुळवणाऱ्या कंपन्यांनी आपला कारभार आवरावा. देशी उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्यच होते. परंतु आधी आलेल्या परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि एखाद्या क्षुल्लक भागावाचून अडलेली गाडी वाड्याच्या पडवीत किंवा बंगल्याच्या मागील शेडमध्ये उभी राहिली ती कायमची. स्वदेशी गाड्यांतही जीप आणि अँबेसेडर यांच्या पुढील बाजूस हँडल घालण्याची सोय कित्येक वर्षे टिकून होती, कारण बॅटरी उतरली तरी प्रवास थांबू नये, ही येथील रस्त्यांची आणि माणसांची गरज होती.

उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या अंतर्भागात काय घडते, हे समजून घेतल्यावाचून त्याला हात लावणे हा अपराध होय. चार सिलिंडरांचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी त्याचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेने आपल्या पावसाळ्याची दमट हवा आत शिरते. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल कालांतराने निथळून गेलेले असते, म्हणून लोखंड उघडे पडते, गंजते, आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात धरून बसतात. व्हॉल्व्ह आपल्या मार्गदर्शक नळीत अडकतात, तळाच्या तेलाचा चिखल होतो, टाकीतले पेट्रोल आटून लाखेसारखा चिकट थर मागे ठेवते, आणि सायलेन्सरमध्ये उंदीर घरटे करतात. मिस्त्री ज्याला ‘इंजिन जाम’ म्हणतात, ते हे. अशा इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारला, तर स्टार्टर जोर लावतो, पण अडथळा ओळखत नाही. वाकलेला व्हॉल्व्ह आणि मोडलेली रिंग हेच त्या उतावळेपणाचे फळ.

म्हणून पहिली आज्ञा अशी की बॅटरीची तार काढून ठेवावी, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हातब्रेक ओढावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी अडण द्यावी. मॉडेल टीच्या बाबतीत हे विशेष अगत्याचे, कारण थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे तिचा क्लच पूर्ण सुटत नसे आणि हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर गाडी पुढे सरके. त्यानंतर सर्व प्लग काढावेत, आणि प्रत्येक छिद्रातून पातळ, झिरपणारे तेल सोडून ते काही दिवस मुरू द्यावे. दरम्यान तळाचे जुने तेल काढून चेंबर साफ करावा आणि नवे तेल भरावे. ज्या इंजिनात पंप नाही, त्यात बेअरिंगांपर्यंत तेल आधीच पोहोचवण्याची तजवीज हातानेच करावी, कारण त्या काळची पांढऱ्या धातूची मऊ बेअरिंगे कोरडी फिरली की अल्पावधीत नष्ट होतात.

मग हँडल घालावे आणि केसभर पुढे, केसभर मागे असे हलवून पाहावे. जेथे अडेल तेथे थांबावे, आणखी तेल सोडावे, पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. लांब नळी लावून जोर वाढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एक संपूर्ण फेरी निर्वेध झाली की प्लग बसवून, ठिणगी बंद ठेवून, पुन्हा सावकाश फिरवावे. दर अर्ध्या फेरीला एकेका सिलिंडरचा दाब हाताला लवचिक विरोध करतो, आणि चार विरोध समान आहेत की एखादा पोकळ आहे, हे अनुभवी हाताला तत्काळ उमगते. त्याची पडताळणी दाबमापकाने करावी. ज्या सिलिंडरचा दाब कमी भरेल, त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा झिजलेल्या बोअरचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा, आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच खालावलेला असेल तर हेडच्या गॅस्केटचा.

प्रत्यक्ष इंजिन पेटवण्याची वेळ सर्वांत शेवटची. ती मोकळ्या जागेतच साधावी, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद शेडमध्ये प्राण घेतो. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. जुन्या टाकीवर विश्वास न ठेवता स्वच्छ पेट्रोल लहान डब्यातून द्यावे. इंजिनाने आवाज धरला की रेस करण्याची घाई करू नये. तेलाच्या दाबाचा काटा असेल तर तो काही क्षणांत उठला पाहिजे. न उठल्यास, किंवा धातूवर धातू आदळल्याचा ध्वनी आल्यास, तेथेच बंद करावे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आणि त्यांच्या क्रमांकासाठी ‘व्हीए’ ही अक्षरे मुक्रर केली. शासनदरबारी जुन्या गाडीला हा दर्जा मिळाला, हे उचितच झाले. परंतु दाखला गाडीला मिळतो, विद्येला मिळत नाही. ती आजही वृद्ध मिस्त्र्यांच्या हातांत आहे, आणि ग्रंथात उतरलेली नसल्याने त्यांच्यासोबतच जाणार आहे. ज्यांच्या शेडमध्ये आजोबांची गाडी उभी आहे, त्यांनी अशा एका मिस्त्र्याला सन्मानाने बोलवावे, त्याच्या शेजारी घरातल्या तरुण मुला-मुलींना उभे करावे, आणि पहिली फेरी त्यांच्याच हातून, हँडलने, सावकाश देववावी.